टिंबापुढचा नऊ

त्यांना ऑफिसात कुणी नावाने हाक मारत नसे. तोंडावर काका, आणि पाठ फिरली की पुरावाकाका. कारण उठसूट एकच प्रश्न: "पुरावा कुठाय?" चहा गार आहे म्हणालात तरी ते आधी कपाला बोट लावून बघणार आणि मगच मान हलवणार. असा माणूस घरात असला तर डोकं उठेल, पण ऑफिसात असला की लोक त्याला हुशार म्हणतात.

काका काही वकील किंवा फौजदार नव्हते. एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात त्यांची खुर्ची होती. एका बाजूला धुलाईघर, दुसऱ्या बाजूला मोडक्या खाटांचं गोदाम आणि मधल्या खोलीत संगणकांच्या दोन रांगा. काम काय, तर वरच्या मजल्यांवर डॉक्टर मंडळी रोग्याबद्दल जे काही खरडतात ते वाचायचं आणि प्रत्येक आजाराला त्याचा ठरलेला कोड लावायचा. विमा कंपनी कोड बघते, सरकार कोड मोजतं, माणसाकडे बघायला कुणाला वेळ आहे!

त्यातही काकांचा हातखंडा मधुमेहात. इतरांनी तोंड वाकडं केलेल्या फायली त्यांच्याकडे यायच्या. नेहमीचा, मोठ्या वयात गाठणारा मधुमेह म्हणजे ई अकरा. त्यापुढे एक टिंब, आणि खरी गोष्ट त्या टिंबापुढे. नऊ असेल तर गुंतागुंत नाही, माणूस औषधं घेऊन सुखात आहे. दोन आला तर मूत्रपिंडं, तीन आला तर डोळे, चार आला तर नसा, पाच रक्तवाहिन्या, आणि सहाच्या पोटात आणखी बरंच काही, पायाच्या जखमासुद्धा. काका नवीन माणसाला हे अशा थाटात सांगत की वाटावं, हा रोग यांनीच काढलाय.

शेजारच्या टेबलावरच्या मुलीला त्यांनीच घडवलं होतं. ती सगळ्यांत शेवटी आलेली, म्हणून धाकटी. लग्न होऊन, मूल शाळेत जायला लागलं तरी ती धाकटीच राहिली. काकांनी तिला पहिल्याच आठवड्यात तीन गोष्टी घोकायला लावल्या होत्या. डॉक्टरांनी लिहिलं नाही ते झालंच नाही, मग रोगी दारात मरून का पडलेला असेना. मधुमेह आणि पायाची न भरणारी जखम एका कागदावर दिसली की ती एकमेकांची नातेवाईक समजायची. डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने 'संबंध नाही' लिहिलं तरच दोघांना वेगळं बसवायचं. आणि तिसरी, काकांची सगळ्यांत लाडकी: डॉक्टरांना काही विचारायचं तर सरळ विचारायचं, उत्तर त्यांच्या तोंडात कोंबायचं नाही.

धाकटीने एकदा लिहिलं होतं, "रोग्याच्या पायाला काही झालं नाही ना?" काकांनी तो कागद तिच्यासमोर असा धरला, जसं काही त्यातून पाणी गळतंय.

"हा प्रश्न आहे की विनंती?"

"प्रश्न आहे की, काका."

"अगं, असं विचारलंस तर समोरचा 'नाही' म्हणून मोकळा होईल. त्याला तेच हवं असतं, आणि तुलाही. पाय कसा आहे, असं विचार. मग बघ कसा घाम फुटतो त्याला."

या प्रश्नांपायी वरच्या डॉक्टरांना काकांनी सळो की पळो करून सोडलं होतं. विशेषतः एका सर्जनला. हा बाबा कापाकापीत वाघ, पण डावं की उजवं ते कधी लिहायचा नाही. 'पाय साफ केला.' अहो, कुठला? माणसाला दोन असतात! काकांनी त्याचं नाव डावंउजवं ठेवलं होतं, आणि ते त्याच्यापर्यंत पोचेल याची काळजीही घेतली होती.

तर असे हे काका. आता सांगतो ते ऐका. काकांना स्वतःला मधुमेह होता.

चांगला जुना होता. पण आपल्या इस्पितळात दाखवतील तर काका कसले! आपली फाईल आपल्याच खोलीत वाचली जाणार, धाकटी हळहळणार, धुलाईघरापर्यंत बातमी जाणार. त्यापेक्षा त्यांनी गावाच्या दुसऱ्या टोकाचा एक शुगरवाला डॉक्टर गाठला होता. वयस्कर, गोड बोलणारा, आणि बाहेर बाकावर रांग लागलेली. तो रक्ताचा रिपोर्ट बघायचा, औषधाची चिठ्ठी लिहायला घ्यायचा आणि मान खाली घालूनच म्हणायचा, "डोळ्यांना काही नाही ना? पायाला काही नाही ना?"

आणि काका, ज्यांनी या 'नाही ना'साठी धाकटीला रडवलं होतं, ते हसून म्हणायचे, "छे छे, काही नाही."

डॉक्टर लिहायचा: गुंतागुंत नाही. काका तो कागद घडी घालून खिशात ठेवायचे आणि घरी येईपर्यंत दोनदा खिसा चाचपायचे. टिंबापुढे नऊ. पुरावा होता. आता तो पुरावा त्यांनीच आपल्या तोंडाने दिलेला होता ही गोष्ट वेगळी, आणि ती त्यांना कळत नव्हती असं मी म्हणणार नाही. चांगली कळत होती.

खरं म्हणजे पायांचं काहीतरी बिनसलं होतं. सुरुवातीला मुंग्या आल्या, मग त्या गेल्या. मुंग्या गेल्या तेव्हा काकांना बरं वाटलं. हे वाचून तुम्हाला काही वाटणार नाही, पण काकांच्या धंद्यातल्या माणसाने कपाळाला हात लावला असता. मुंग्या जातात तेव्हा पाय बरा होत नसतो, मुका होत असतो. काकांनी हे हजारो फायलींत वाचलेलं. फरशी गार आहे की कोमट ते कळेना, चप्पल पायातून निसटून मागे राहिली तरी कळेना. एकदा तर एका पायात चप्पल आणि एक पाय अनवाणी असे ते थेट दुकानापर्यंत जाऊन आले, आणि बायकोने विचारलं तेव्हा म्हणाले, तुटली म्हणून टाकून दिली.

असं का करावं शहाण्या माणसाने? भीती. दुसरं काही नाही. काकांनी एकेका रोग्याच्या फायली पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचल्या होत्या. नऊवरचा माणूस चारवर जाताना त्यांनी पाहिला होता, चारवरचा सहावर जाताना पाहिला होता. आधी बोट, मग पाऊल, मग गुडघा. पण सहावरून नऊवर परत आलेला माणूस एवढ्या नोकरीत एकदाही त्यांच्या हाताखालून गेला नव्हता. ज्याला गोष्टीचा शेवट ठाऊक असतो तो पहिलं पान उलटायलाच घाबरतो. काका पान उलटतच नव्हते.

घरी ते आणि बायको, दोघंच. बायको शिवणकाम करायची. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे. पुढच्या खोलीत खिडकीपाशी मशीन, आणि तिच्या गळ्यात कायम मोजायची टेप. बाई कामाला पक्की आणि तोंडालाही. काकांना ऑफिसात कुणी उलटून बोलत नसे, ती कसर घरी भरून निघायची.

एका सकाळी काका खिडकीपाशी उभे राहून पेपर वाचत होते. बायको केर काढत आली आणि थबकली. स्वयंपाकघरापासून खिडकीपर्यंत फरशीवर लाल ठिपके पडले होते.

"अहो, हलू नका! पाय वर करा."

काकांनी पाय वर केला. तळव्यात, करंगळीच्या खाली, टाचणी रुतली होती. अगदी डोक्यापर्यंत. बायकोने ती नखांनी धरून ओढून काढली आणि मटकन खालीच बसली.

"माझी टाचणी! अहो, आणि तुम्ही पेपर वाचताय? लागलं नाही तुम्हाला?"

काकांनी मागे पडलेले ठिपके बघितले. पण तोंड तयार होतं. "लागलं की. पण म्हणून काय आता बोंबाबोंब करायची?"

बायको त्यांच्याकडे बघतच राहिली. इतक्या वर्षांच्या संसारात आपल्या नवऱ्यात असं काही असेल, असं तिला वाटलं नव्हतं. दुपारी ती शेजारणीला सांगत असताना काकांनी ऐकलं, "यांचं सोसणं बघा हो. एवढी टाचणी आत गेली, चकार शब्द नाही! आणि मी मेली, बोटाला सुई टोचली तरी घर डोक्यावर घेते." काका आतल्या खोलीत अंमळ ताठ बसले. खोटं कौतुकही अंगाला लागतं माणसाच्या.

त्या दिवसापासून बायकोने टाचण्या बंद केल्या. एक लोहचुंबक आणलं, दोरीला बांधलं, आणि रोज संध्याकाळी ती ते सगळ्या घरभर फरशीवरून फिरवायची. काकांनी जखमेला मलम लावलं, वर पट्टी चिकटवली, आणि त्यावर मोजे. घरातही मोजे. बायकोने विचारलं तर, "बरं झालं गं ते केव्हाच." तळवा आरशात बघता आला असता. त्यांनी बघितला नाही. डोळ्यांनी बघितलं की मान्य करावं लागतं.

वर त्यांनी स्वतःशी एक खटलाही चालवला. ही जखम टाचणीची, बाहेरून आलेली. यात मधुमेहाचा काय संबंध? धाकटीने असा युक्तिवाद केला असता तर काकांनी तिला धारेवर धरलं असतं. मधुमेह आहे, पायाला न भरणारी जखम आहे, मग ती नातेवाईक नाहीत हे ठरवणारी तू कोण? पण स्वतःच्या पायाच्या बाबतीत काकाच रोगी, काकाच डॉक्टर आणि काकाच पुरावा. निकाल एकमताने लागला.

मग ऑफिसात वास यायला लागला.

पहिल्यांदा धाकटीने नाक मुरडलं. "काका, काहीतरी कुजल्यासारखं नाही वाटत?"

"पुरावा?" काका म्हणाले, पण त्यांनाही येत होता. उग्र नव्हता, पण गोडसर आणि चिवट. एकदा नाकात बसला की जेवण जाईना. काकांनी तपासाची सूत्रं हातात घेतली, दुसरं कोण घेणार! आधी कचऱ्याच्या टोपल्या पालथ्या झाल्या. मग धुलाईघराच्या मुकादमाला बोलावून त्याची खरडपट्टी निघाली. त्याने गटाराची जाळी उचलून दाखवली, आत नुसतं साबणाचं पाणी. मग काका प्रत्येकाच्या टेबलाचे खण उघडायला लागले, आणि धाकटीच्या खणात सुट्टीच्या आधीपासून विसरलेला डबा सापडला. आत काय होतं ते ओळखण्यापलीकडे गेलं होतं.

"हा बघ पुरावा!" काका गरजले. "आणि मला विचारतेस कुजल्यासारखं का वाटतंय!"

बिचारी कानापर्यंत लाल झाली. डबा गेला, खण फिनेलने पुसला, सगळ्यांनी तिची यथेच्छ चेष्टा करून घेतली. वास होता तिथेच होता. शेवटी काकांनी इमारत विभागाला तक्रार लिहिली: गटाराची नळी भिंतीच्या आत फुटलेली असावी, त्वरित तपास व्हावा. खणखणीत भाषा. ती द्यायला ते स्वतः वर निघाले.

लिफ्टमध्ये ते एकटेच होते. दार बंद झालं, आणि वास आला.

गटार नाही, डबा नाही, धाकटी नाही. स्टीलच्या चार भिंती आणि काका. ते खाली वाकले, बुटाची नाडी सोडायला हात नेला आणि तसेच थांबले. मोजा बुटाच्या कडेला ओला दिसत होता. त्यांना खरंच रडायला आलं. लिफ्ट वरच्या मजल्यावर थांबली, दार उघडलं. अपघात विभाग खाली होता, एक बटण दाबलं असतं तरी पुरे होतं. काकांनी तोंड पुसलं, बाहेर पडले आणि तक्रार देऊन आले. पोचपावतीही घेतली.

दुपारी त्यांना हुडहुडी भरली. धाकटीने वळून बघितलं तेव्हा काकांचं कपाळ कीबोर्डवर टेकलेलं होतं आणि पडद्यावर एकच अक्षर ओळीने धावत होतं. तिने हात लावला तर अंग भाजत होतं. तिने आणि मुकादमाने मिळून त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवलं, बूट काढला आणि मोजा काढायला गेले. तोच वास खोलीभर पसरला. डब्यावरून हसलेले सगळे उगाच आपापल्या पडद्याकडे बघायला लागले.

अपघात विभागात नेमका डावंउजवं. जखम बघून त्याचा चेहरा उतरला, पण बाहेर दोन रुग्णवाहिका उभ्या होत्या आणि घाई होती. त्याने पायावर बोट दाबलं. "काका, कळतंय ना?"

डोळे मिटायला त्याने सांगितलं नव्हतं. काकांना बोट दिसत होतं. "कळतंय," ते म्हणाले. तापाने फणफणलेला माणूस, पण ही संधी त्याने सोडली नाही!

बायको आली ती टेप गळ्यात तशीच घेऊन. सर्जनने काय झालं विचारलं आणि ती हुंदके देत म्हणाली, "माझी टाचणी लागली हो त्यांना. मी केलं हे." तिने पर्समधून शुगरवाल्या डॉक्टरचे कागदही काढून दिले, सगळ्यांवर तेच: गुंतागुंत नाही. सर्जनने ऐकलं तसं लिहिलं. टाचणी लागून झालेली जखम, पू झालेला. मधुमेह, गुंतागुंत नाही. मग काकांना आत नेलं, जखम साफ केली आणि करंगळी काढून टाकली. ती वाचण्यासारखी राहिली नव्हती.

दोन दिवसांनी ताप उतरला. काका वॉर्डात उशीला टेकून बसले, पायाला भलंमोठं बँडेज. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला बायको पहिल्यापासून सगळं सांगायची, आणि शेवट ठरलेला: "माझीच टाचणी." मुकादम आला, त्याला सांगितलं. शेजारीण आली, तिला तर सगळं माहीत होतं तरी सांगितलं. शाळेकडून गणवेशांसाठी फोन आला, तेव्हा ती म्हणाली, "नाही हो, मी मशीन विकायला काढलंय. पाप लागलं मला त्या कामाचं." काका सगळं ऐकत होते. मधेच एखादा शब्द बोलले असते तर ते थांबलं असतं. ते छताकडे बघायचे.

तिकडे तळघरात काकांची फाईल धाकटीच्या टेबलावर आली होती. आपल्याच माणसाची फाईल, तिला हात लावायचं जीवावर आलं, पण नियम म्हणजे नियम. दुसरं कुणी मोकळं नव्हतं. ती वाचायला लागली आणि अडली. जखम हाडापर्यंत गेलेली, इतके दिवस भरली नाही, रोग्याने कण्हल्याची कुठे नोंद नाही, आणि वर लिहिलंय टाचणी. तिने प्रश्न लिहायला घेतला. 'हे मधुमेहामुळेच झालं ना?' लिहिलं, आणि खोडलं. कुणी टेबलापाशी उभं राहून ओरडायला नव्हतं तरी खोडलं. मग लिहिलं: 'जखम इतके दिवस न भरण्याचं आणि रोग्याच्या लक्षात न येण्याचं कारण आपल्या मते काय, ते कृपया लिहावं.'

तो कागद घेऊन डावंउजवं वॉर्डात आला. "काका, तुमच्या चेलीने मला पकडलंय," म्हणाला आणि स्टूल ओढून चक्क बसला. डॉक्टर बसला की वॉर्डातली माणसं घाबरतात. शेजारच्या खाटेवरच्याने रेडिओ बंद केला.

"पायाचं सांगा," सर्जन म्हणाला.

एवढंच. पुढे 'नाही ना' नाही, 'ठीक आहे ना' नाही. धरायला काही नव्हतं. आपण आयुष्यभर लोकांना काय विचारत आलो, ते काकांना त्या दिवशी कळलं. घाम फुटला.

"डॉक्टर, त्यांना कशाला त्रास," बायको मधेच म्हणाली. "मी सांगितलंय ना तुम्हाला. माझी टाचणी. लिहून टाका, मी सही करते हवं तर."

"तसं असेल तर प्रश्नच नाही," सर्जन म्हणाला. "साधी जखम आहे. भरत आली की घरी जा, चालायला लागा." आणि त्याने पेन उघडलं.

चालायला लागा. काकांना पुढची पानं दिसली, एकामागून एक, इतरांच्या फायलींत दिसायची तशी. मुक्या पायावर चालणं. दुसरी टाचणी, किंवा बुटातला खडा. पाऊल, मग गुडघा. आणि बायको प्रत्येक वेळी फरशीवरून चुंबक फिरवत म्हणणार, माझंच काहीतरी चुकलं.

"थांबा," काका म्हणाले. "लिहू नका ते. टाचणीचं काही नाही. टाचणी कुणालाही लागते. दुसरा ओरडला असता. मला कळलीच नाही."

"म्हणजे?"

"मला पायाचं काही कळत नाही. गरम नाही, गार नाही. वर्ष होऊन गेलं. परवा तुम्ही दाबलंत तेव्हाही खोटं बोललो, मला बोट दिसत होतं."

सर्जनने पेन खाली केलं. "डावा की उजवा?"

"दोन्ही."

त्याने खिशातून एक बारीक ताठ दोरा काढला. या वेळी डोळे मिटायला सांगितले, आणि काकांनी ते घट्ट मिटले. चांगल्या पायाच्या तळव्यावर, बोटांवर, टाचेवर दोरा फिरत असणार. काका वाट बघत राहिले. 'आता' म्हणायची वेळ आलीच नाही. त्यांनी डोळे उघडले तेव्हा सर्जन केव्हाच दोरा गुंडाळून बसला होता.

"बरं झालं बोललात," तो म्हणाला. चिडलेला होता, आणि ते त्याने लपवलं नाही. "तुम्हाला घरी पाठवलं असतं तर दोन महिन्यांत परत आला असतात आणि मी पाऊल कापलं असतं. आता महिनाभर हा पाय जमिनीला टेकवायचा नाही. रक्तवाहिन्यांची तपासणी करू, मापाचे बूट करू. रोज तळवे बघायचे, आणि ते तुम्ही नाही, या बघतील. तुमच्यावर माझा विश्वास नाही. नीट केलंत तर दोन्ही पाय राहतील." त्याने जुनी ओळ खोडली आणि तिथेच बसून दुसरी लिहिली. दोन्ही बाजू लिहिल्या, न विचारता.

तो गेला. शेजारच्याने रेडिओ लावला नाही, पण भिंतीकडे तोंड केलं, भला माणूस.

बायको पायथ्याशी उभी होती. काकांना वाटलं आता कडाडेल, आणि कडाडावी असंही वाटलं. तिला मशीन विकायला लावलं होतं त्यांनी, हातातलं सगळं काम सोडायला लावलं होतं. पण ती बँडेजकडे बघत एवढंच म्हणाली, "वर्ष झालं?"

"जास्तच."

"काहीच कळत नव्हतं?"

"नाही."

"रात्रीसुद्धा?"

काकांना प्रश्न समजला नाही. "रात्री काय?"

ती इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "भांडण झालं की मी रात्री पायाला पाय लावायचे तुमच्या. पहिल्यापासून. तुम्ही पण लावायचात मग."

काकांना आठवलं. भांडण कुणी मिटवायचं यावर त्या घरात कधी चर्चा झाली नव्हती. पाय लागला की मिटलं. मग कधीतरी ते बंद झालं.

"तूच सोडून दिलंस ते," काका म्हणाले. "मला वाटलं, कंटाळलीस."

"मी कुठे सोडलं!" तिचा आवाज चढला, आणि फुटलाही. "मी लावतच होते! परवापरवापर्यंत लावत होते. तुम्ही दगडासारखे पडून राहायचात. वर्षभर मला वाटतंय, या माणसाच्या मनातून मी उतरले. रडायचे मी तशीच, तिकडे तोंड करून. आणि पायाला कळत नाही, एवढं नाही सांगता आलं तुम्हाला?"

करंगळी गेली तेव्हा त्यांनी टिपूस काढलं नव्हतं. आता उशीच्या अभ्र्यावर टपटप पडत होतं आणि पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

ती उशापाशी आली. टेपच्या टोकानेच तिने आधी स्वतःचे डोळे पुसले. मग त्यांचा हात ओढून घेतला आणि चांगला करकचून दाबला.

"हे कळतंय?"

"आई गं! कळतंय."

"मग यापुढे भांडण झालं की हात पुढे करायचा," ती म्हणाली. "तुम्ही करायचा. मी माझं वर्षभराचं करून बसलेय."